कुलपातली माती

माह्या दुकानात मातीच्या पोत्यांले कुलूप काहून, म्हणून हसता ना? ऐका मंग.

दारव्ह्यात आपलं बॅटरी दुरुस्तीचं काम. बॅटऱ्या धुतलेलं पाणी नालीत जाये, अन् नालीच्या बाजूलेच मोहल्ल्याची हापशी. त्या पाण्यात शिसं असते. म्हणून मी ड्रममंदी चिकणमाती भरून पाणी त्यातून सोडाले लागलो. माती शिसं धरून ठेवते. वापरलेली माती दुकानामागं ओतून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाह्यतो, तं शेजारच्या कमलाकाकूच्या अंगणात नवी चूल!

“काकू, माती कुठली?”

“तुह्याच मागची. भल्ली मऊ होती, सलीम.”

“फोडा ती चूल. शिसं आहे तिच्यात.”

“वा रे! हळद-कुंकू वाहून मांडली, अन् फोडू?”

मी फावडं आणलं. “तुम्ही फोडता, का मी फोडू?”

काकूनं फावडं हिसकलं अन् स्वतःच फोडली. मंग कमरेवर हात ठेवून म्हणे, “पाण्यातलं जहर मातीत आणलं. आता मातीतलं कुठं नेशीन?”

फुटलेली चूल अन् मागची माती मी पोत्यांत भरली. कुठं न्यावं, ते अजून शोधूनच राह्यलो. तवरिक माती कुलपात, अन् चावी काकूजवळ.