बारशाचं झबलं

हॅलो? …कोण, संपतदादा? बोल. व्हय, पाटसहून निघाले कवाच. चौफुल्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्यात, तरी सातच्या आत न्हावऱ्यात पोचते. सप्त्याचा अध्यक्ष तू हायेस, मंडपाची काळजी कर, माझी नको…

काय काढू कीर्तनातून?

…हां, राजनंदिनीनं सांगितलं व्हय. माझीच सून, पोटात काय ऱ्हात न्हाई तिच्या.

अरे ऐक ना… गावचेच पुढारी हायेत, येऊ देत की सर कीर्तनाला. दौंडच्या सभेत त्यांनीच सांगितलं ना, सरकार ऊसवाल्यांना डोक्यावर घेऊन नाचतं म्हणून? …न्हाई, नाव न्हाई घेणार. झबल्याचा दृष्टांत देणार.

झबलं रे, बारशाचं. …आता बघ. जागतिक व्यापाराच्या हिशोबात माझ्या उसाचा भाव घेतला आजचा. शेजारी परदेशातला भाव ठेवला चाळीस वर्षांमागचा, डॉलर बारा-तेरा रुपयांना होता तवाचा. मधे जेवढा फरक दिसला, ती म्हणं सरकारची मदत. …व्हय, राजनंदिनी कॉलेजात हेच शिकवती, तिनंच समजावलं. मग तुझ्या मिसरूड फुटलेल्या विश्वजीतला बारशाचं झबलं घाल आन् म्हण, बघा, पोरगं किती माजलंय.

…हसतोस काय? खत घेताना, डिझेल भरताना डॉलर आजचा. मदत मोजताना मात्र तवाचा. हे कुठलं माप?

…असंल जगाचा नियम. आपल्या माणसानं तरी गावाला खरं सांगावं.

…काय म्हणालास?

दुसरे महाराज बघतोस?

…दादा, आपल्या गावात लेक कीर्तनाला उभी राहिली न्हाई आजवर. म्या किती वाट बघितली, तुला ठाऊक हाय. माहेरची माणसं फुडं बसलेली, आन् आपण अभंग घेऊन उभं राहायचं… एवढंच मागितलं व्हतं देवाकडं. तरी न्हाई काढणार. पांडुरंगाफुडं उभं राहून खोटं माप खरं म्हणू व्हय?

बघ दुसरे. मी बायकांत बसून टाळ्या वाजवीन, राग न्हाई.

…थांबू म्हणतोस? बरं, थांबते.

…हॅलो? हाय का?

…हां. …हां, बोल.

…नक्की? झबल्यासकट मीच उभी राहू? कमिटीला इचारलंस? …भिमाजीआबा म्हणाले तसं? त्यांना दंडवत सांग माझा.

…सर रागानं उठून गेले तर? कसे जातील? त्यांना मृदंगवाल्याच्या शेजारी बसव, पार फुडं. भर कीर्तनातून उठलेल्या माणसाला अख्खं गाव बघतं. आरतीपातुर बसतील गुमान.

चल, ट्रॉल्या हालल्या. रामकृष्णहरी… ठेवते.