जिंजाला गेलेला हिरो

कंपालाच्या टॅक्सी-थांब्यावर रांग हलेना, तेव्हा नान्योंगाचे कान पुढच्या आत्या-भाचीच्या बोलण्याकडे लागले.

"आत्या, त्या सीड्या दे भंगारात! मोबाइलवर सगळे सिनेमे दिसतात."

"दिसतात गं, पण कळतात कुठे? सीडीत आपला किग्गुंडू सिनेमा चालू असताना मधेमधे बोलत सगळं आपल्या लुगांडा भाषेत सांगतो."

"थापा मारतो मेला! तुझा तो लाडका हिरो शेवटी मरतो. काल मी तो सिनेमा इंग्रजीत पाहिला."

"काही मरत नाही. किग्गुंडू म्हणतो, बायांनो, रडू नका, गडी जिंजाला मासे आणायला गेलाय."

"छातीत गोळी घेऊन?"

"घेऊन. तू काल रडलीस ना?"

"...खूप."

"मग आज घरी ये. सीडी लावते."

"आत्या, मासे घेऊन परत येतो ना गं तो?"