मागे बघणाऱ्याचं हेल्मेट

ताई: सरांचा फोन होता. तुला सायकलच्या संघात घेतलं नाही.

धाकटा: काका, ते वरचं काढा ना. लांब शेपटीचं.

दुकानदार: हे? थांबा, शिडी आणतो. त्याला खाली यायची सवय नाही.

ताई: अरे, मी काय सांगतेय?

धाकटा: ऐकू येत नाही, ताई. मी हेल्मेट घातलंय.

ताई: तू काहीही घातलेलं नाहीस.

धाकटा: घालणार आहे. द्या काका. हं. आता बोल.

ताई: तुला संघात...

धाकटा: कानांवर पूर्ण झाकण आहे बघ. चांगली वस्तू आहे. काहीच पोचत नाही आत.

ताई: बरं. फोन आलाच नव्हता.

धाकटा: तेच म्हणतोय मी. संध्याकाळी कळवणार आहेत. तोवर हेल्मेट निवडून ठेवलेलं बरं. ऐनवेळी धावपळ नको.

दुकानदार: मीही काही ऐकलं नाही. मी शिडीवर होतो. साहेब, शर्यत कुठली? घोळक्याची की एकट्याची?

धाकटा: एकट्याची. घड्याळाशी.

दुकानदार: मग काच पाहिजेच. डोळ्यांवरून, नाकाच्या अर्ध्यापर्यंत. ही अशी चुंबकानं बसते. कट. ऐकलंत? मी दिवसातून एकदा बसवून बघतो. दुसरं काही कारण नाही, बरं वाटतं.

ताई: शेपटी कशाला असते याला?

दुकानदार: वारा डोक्यावरून आला की मानेमागे फाटतो, ताई. तिथं भोवरा होतो आणि माणसाला मागे ओढतो. शेपटी पाठीला टेकली की वारा डोक्यावरून सरळ पाठीवर उतरतो. वाऱ्याला कळतच नाही की इथून कुणी गेलं.

ताई: तसं तर कुणालाच कळत नाही. त्यासाठी हेल्मेट कशाला.

धाकटा: काका, हिच्याकडे लक्ष देऊ नका. माझी मोठी बहीण आहे. गाद्यांच्या दुकानात असते.

ताई: हाही असणार आहे. सोमवारपासून.

धाकटा: संघात नाही घेतलं तर.

ताई: हो. नाही घेतलं तर.

धाकटा: आणि ते संध्याकाळी कळणार आहे.

ताई: हो रे बाबा.

दुकानदार: गाद्यांच्या दुकानात काम काय असतं, साहेब?

धाकटा: काचेमागे एक गादी टाकलेली असते. तिच्यावर झोपायचं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं पाहिजे की हा माणूस सुखात आहे. दाजींची कल्पना. म्हणाले, तुझी तब्येत चांगली आहे, आडवा छान दिसशील.

ताई: आणि तू कबूल केलंयस. यंदा शेवटचं, नाही झालं तर येतो, असं तूच म्हणालास. पुढच्या वर्षी वयात बसत नाहीस.

धाकटा: मी कबूल केलं तेव्हा हेल्मेट साधं होतं. हा मुद्दा कुणी लक्षातच घेत नाही. चाचणीला सगळ्यांच्या डोक्यावर हे असलं होतं आणि माझ्या डोक्यावर आपलं ते गोल, भोकांचं. चाळणी घालून गेलो मी. वारा आत शिरून बसला होता, जेवायलाच थांबतो की काय असं वाटत होतं.

दुकानदार: किती मागे पडलात?

धाकटा: थोडासा.

ताई: याच्या आधी निघालेला मुलगा पोचला, अंघोळ करून आला, भांग पाडला आणि याची सायकल धरायला उभा राहिला.

धाकटा: त्याचे केस लहान आहेत. भांगाला वेळ लागत नाही.

दुकानदार: साहेब, मला ही वस्तू विकायची आहे. दुकान उघडल्यापासून विकायची आहे. पण अंघोळीइतका फरक हेल्मेट भरून काढत नाही. फार तर भांगाइतका काढेल.

धाकटा: तेवढा तर तेवढा. बसवून बघू. सायकल कुठं आहे?

दुकानदार: तिकडे कोपऱ्यात, स्टँडवर. बसा. कोपर आत घ्या, पाठ सपाट. ताई, तुम्ही पंख्याशेजारी उभ्या राहा. मी याच्या शेपटीला रिबीन चिकटवतो. भेटवस्तूच्या खोक्याची आहे, गुलाबी, चालेल ना? मोठ्या कारखान्यांत बोगदा असतो म्हणे वाऱ्याचा. आमच्याकडे टेबलफॅन आहे. रिबीन शांत पडून राहिली तर हेल्मेट तुमचं. फडफडली तर तुमचं नाही.

ताई: हे शास्त्र आहे?

दुकानदार: तीन नंबरवर शास्त्र आहे. एकवर नुसती हवा लागते.

(टेबलफॅन तीन नंबरवर सुरू होतो.)

धाकटा: काय दिसतंय?

दुकानदार: पडून आहे. एकदम शांत. दुपारच्या मांजरासारखी.

धाकटा: ताई, बघितलंस?

ताई: बघतेय.

धाकटा: कशी दिसतेय?

दुकानदार: आता उडाली. साहेब, मागे बघू नका. तुम्ही वळलात की शेपटी वाऱ्यात आडवी होते. शीड उभारल्यासारखी. समोर बघा.

धाकटा: समोरच बघतोय. ताई, तू उभी आहेस ना?

दुकानदार: पुन्हा उडाली.

ताई: आहे मी. वळू नकोस. हे घे, मीच पुढे येते.

दुकानदार: ताई, तुम्ही वाऱ्यात आलात. आता शास्त्र तुम्हाला लागतंय.

धाकटा: काका, आखूड शेपटीचं आहे का एखादं? मागे बघितलं तरी चालेल असं?

दुकानदार: आहे. हे बघा, बोडकं. मान खाली टाकणाऱ्यांसाठी, इकडंतिकडं बघणाऱ्यांसाठी बरं पडतं. पण मला एक कळत नाही. एकट्याच्या शर्यतीत मागे बघायला असतं काय? मागचा तर बऱ्याच वेळानं सुटतो.

धाकटा: काही नसतं.

दुकानदार: मग?

धाकटा: सवय.

ताई: मी असायचे मागे. स्कूटरवर, खांद्यावर जादा चाक घेऊन. पंक्चर झालं तर द्यायला. हा शाळेत होता तेव्हापासून. एकदाही पंक्चर झालं नाही याचं. सगळ्या शर्यतींत सगळं काही झालं, फक्त पंक्चर झालं नाही आणि हा जिंकला नाही.

धाकटा: एकदा तिसरा आलो होतो.

ताई: तिघंच होते.

धाकटा: चौथा होता. त्याला कुत्रं आडवं गेलं.

दुकानदार: आणि परवाच्या चाचणीला?

धाकटा: परवा हिला यायचं नव्हतं.

ताई: यायचं नव्हतं असं नाही. यांची पाठ धरली. दुकान कोण उघडणार? आणि बाहेर बोलू नका हं, काका. गाद्या विकणाऱ्याची पाठ धरते हे गिऱ्हाइकाला कळणं बरं नाही.

दुकानदार: मी शिडीवर होतो.

ताई: पण मी आदल्या दिवशी याला सांगितलं होतं. येत नाही म्हणून. स्पष्ट सांगितलं होतं.

धाकटा: सांगितलं होतंस की. मी कुठं नाही म्हणतोय.

ताई: मग तो न आलेला फोन... जाऊ दे.

धाकटा: काय?

ताई: काही नाही. आलाच नाही तो.

धाकटा: न आलेल्या फोनवर सर काय म्हणाले?

ताई: सर म्हणाले, पाय चांगले होते याचे. अर्ध्यापर्यंत अगदी बरोबरीनं होता. पण सारखा मागे बघत होता. वळणावर, चढावर, सरळ रस्त्यावरही. एकदा तर म्हणे पाय मारायचा थांबून बघितलं. मला विचारत होते, काही पडलं होतं का त्याचं.

धाकटा: मग तू काय सांगितलंस?

ताई: फोन आला नव्हता ना. मी काय सांगणार.

दुकानदार: पंखा बंद करू का?

धाकटा: राहू दे. ताई, मला माहीत होतं तू नाहीस. म्हणजे मी काही वेडा नाही. पण माणूस बघतो ना एकदा. चुकून आली असेल, दाजी उठून बसले असतील, असं वाटतं. मग नाही दिसलं की वाटतं, वळणाच्या मागे असेल. मग वळण गेलं की पुन्हा बघावं लागतं. संघटनेची गाडी होती एक, ती दुसऱ्याच कुणाच्या तरी मागे होती. माझ्या मागे रस्ता होता नुसता. चांगला रस्ता आहे तसा. नवीन केलाय.

ताई: तरी अर्ध्यापर्यंत बरोबरीनं होतास.

धाकटा: अर्ध्यापर्यंत मी तुझ्यावर चिडलेलो होतो.

दुकानदार: साहेब, काच आतून धुरकट होतेय.

धाकटा: श्वासानं.

दुकानदार: श्वासानं खालून होते. ही वरून होतेय.

धाकटा: तुमची काच खराब आहे मग.

दुकानदार: असेल, साहेब. बरीच वर्षं उन्हात आहे.

ताई: काढ ते. दे इकडे, पुसते.

धाकटा: नको. राहू दे जरा. काका, हे घालून झोपता येईल का? गादीवर.

दुकानदार: उताणं नाही, शेपटी मानेत घुसेल. कुशीवरही नाही. पालथं जमेल. पण पालथा माणूस रस्त्यावरून सुखात दिसत नाही. अपघात झाल्यासारखा दिसतो.

ताई: यांना चालणार नाही ते.

धाकटा: दाजींना विचारून तर बघ.

ताई: विचारते. सोमवारी.

धाकटा: संध्याकाळी काही कळलं नाही, तर सोमवारी.

ताई: अरे...

धाकटा: ताई, तू सरांना अर्ज लिही ना. तुझी भाषा चांगली आहे. दुकानातल्या पाट्या तूच लिहितेस.

ताई: पाट्या वेगळ्या. "गादीवर बूट घालून बसू नये." त्यात भाषा कसली?

धाकटा: तसंच लिही. सरांना कळेल असं.

दुकानदार: अर्जानं काही होतं का, ताई?

ताई: नाही होत. सर वाचत पण नाहीत. मागचे सगळे अर्ज त्यांच्या टेबलाच्या पायाखाली आहेत. टेबल हलतं त्यांचं.

धाकटा: म्हणजे उपयोगी पडतात. लिही.

ताई: काय लिहू? मुदत गेली, वय गेलं, संघ ठरला. मागायचं काय?

धाकटा: ते तू बघ. मला इथून फक्त धुकं दिसतंय.

दुकानदार: फोनवरच लिहा, ताई. मी पंखा एकवर करतो.

ताई: थांबा. लिहिते. "प्रति, माननीय निवड समिती. विषय: वेळेबाबत."

धाकटा: छान. सरकारी वाटतंय.

ताई: मधे बोलू नकोस. "महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, चाचणीच्या दिवशी अर्जदाराच्या मागे कोणीही नव्हते. याची अर्जदारास पूर्वकल्पना देण्यात आली होती, तरीही त्याने खात्री करून घेतली. सबब, मागे पाहण्यात गेलेला वेळ अर्जदाराच्या एकूण वेळेत धरण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."