डोन्या ओब्दुलियांच्या टाकीत एक चमचा

...नाही, पण मला सांगा, पान पिवळं पडलं की माणूस काय समजणार? उपाशी आहे, असंच ना? मग! चूक माझीच, मी कुठं नाही म्हणतोय, पण ऐका तरी!

तर आमच्या शेजारच्या डोन्या ओब्दुलिया. लेकीचं बाळंतपण आलं म्हणून तीन आठवडे निघाल्या एनकार्नासिओनला. आणि माझ्या गळ्यात काय मारून गेल्या? कुत्रं नाही, मांजर नाही... माशांची टाकी! नवऱ्याची, तिमोतेओची, माझ्या जुन्या दोस्ताची. माणूस जाऊन सहा वर्षं झाली, पण टाकीतलं ते लांब तलवारीसारख्या पानांचं झाड त्यानं स्वतः गुडघाभर ओढ्यात उतरून आणलेलं, ते बाई जिवापाड जपतात. जाताना हातात इवलीशी बाटली दिली. "फ्रोइलान, हे झाडाचं खत. दर सोमवारी पाच थेंब. किती?" "पाच." "परत सांगा." "पाच हो, डोन्या!" चाळीस वर्षं बसची तिकिटं फाडली मी, मला पाच मोजता येत नाहीत?

पहिला सोमवार, पाच थेंब. दुसरा सोमवार, पाच थेंब. आणि बुधवारी बघतो तर... पान पिवळं! एक नाही, दोन! आता तुम्हाला सांगतो, माझ्या अंगणात डब्यांत टोमॅटो आहेत, त्यांना मी युरिया घालतो, पांढरा, साखरेसारखा, आणि टोमॅटो काय येतात, अहाहा! म्हटलं, एवढं थोराड झाड, त्याला पाच थेंबांनी काय होतंय? त्या बाटलीची कीव आली हो मला! घातला एक चमचा. सपाट नाही... चांगला शिगोशीग. चूक माझीच, पण ऐका तरी!

दोन दिवसांत ते पाणी कसलं, वाटाण्याचं सूप! आणि मासे सगळे वर, तोंडं वासून, माझ्याकडेच बघतायत! धावलो बादल्या घेऊन. पाणी काढ, पाणी ओत, पाणी काढ, पाणी ओत... कंबरेचा काटा ढिला झाला. चार मासे वाचले. दोन गेले. आणि झाड? पान बोटात धरलं की बोटाला नुसती लापशी!

त्यात बाईंचा फोन. "झाड कसं आहे?" काय सांगू? "हिरवं आहे, डोन्या! सगळंच हिरवं आहे!" खोटं होतं का ते? नव्हतं... पण घास उतरेना त्या दिवशी.

आल्या. टाकीसमोर उभ्या राहिल्या. मी मान खाली घालून तयार, आता फाडणार मला! तर बाई डोळ्यांना शालीचं टोक लावून म्हणतात, "माझंच चुकलं, फ्रोइलान. बाटली तिमोतेओच्या वेळची, नासली असणार. उगाच तुम्हाला घोर लावला." आणि वर गरम चिपा-पाव भाजले माझ्यासाठी, चीज घालून, थंडगार तेरेरे चहाबरोबर! "घ्या ना, संकोच कसला?" एक खाल्ला, दोन खाल्ले. त्या माझीच माफी मागतायत आणि मी खातोय! चौथा तोंडात असताना फुटलोच. "युरिया!"

"काय?"

"युरिया घातला मी! टोमॅटोचा! चमचाभर!"

माझ्या घशात चिपा अडकलेला, पाणी मागायचीही सोय नाही. बाई उठल्या, बाही वर सारली, टाकीत कोपरापर्यंत हात घालून झाडाचा गड्डा उपसला, कात्रीनं सडकं सगळं छाटलं. नखानं गड्डा दाबून बघितला. "टणक आहे," म्हणाल्या. "जगेल. आणि तुम्ही दर रविवारी दहाला यायचं. पाणी बदलायचं, काच घासायची. थेंब मी घालीन. बाटलीला हात लावायचा नाही!"

वर्ष झालं. झाडाला सात नवी पानं आलीत. मी एक रविवार चुकवलेला नाही, आणि प्रत्येक वेळी ते चार मासे काचेपाशी येऊन मला निरखून बघतात, ओळखतात हो! चूक माझीच, पण किती बघावं?

आणि गल्लीला काय? पाववाली रामोना भर दुकानात विचारते, "काय डॉन फ्रोइलान, रविवारी केस चोपून विधवेकडे? या वयात प्रेमात पडलात की काय?" सगळी रांग माझ्याकडे बघतेय. आता काय सांगू हिला? दोन मासे मारले म्हणून? मेलेल्या मित्राचं झाड सडवलं म्हणून?

म्हटलं, "हो बाई. पडलोय."