इंजिनाच्या पोटातला नारळ

तुम्ही हसाल, पण दिल्लीहून इंजिनिअर होऊन शेणव्याला परतले तेव्हा मला वाटलं होतं, आजोबांच्या मोटारीचं इंजिन चालून चालून झिजलं असेल. काकांना मुलीच्या वरातीला तीच गाडी हवी होती आणि असा वारसा भंगारात जाऊ द्यायला मी तयार नव्हते. उघडून बघते तर ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या, चारही सिलिंडरना गंजून खड्डे पडलेले.

“काका, आत पाणी कसं गेलं?”

“नारळाचं गो. दर दसऱ्याला झाकण काढून आतच फोडतो आमी. वरवरची पूजा काय कामाची?”

काकू म्हणाली, “गुण आलाय हो! इतक्या वर्षांत एक अपघात नाय.”

“अगं, पण गाडी चालूच कुठे झाली?”

“मंग? तेच सांगतेय ना!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, ब्लॉक मुरबाडला नेऊन दुरुस्त करायचाच, पण घरी आणायचा तो दसरा उलटल्यावर.