वाटंचा कप्पा

आमचं मूळ कागलचं बघा मास्तर. बाप झुली शिवायचा, बैलाच्या, घोड्याच्या, आन मी बारा वर्सांचा असताना तो गेला, मग मामानं मला हितं कोल्हापुरात आणून एका दर्ज्याच्या दुकानात बसवलं. चार वर्सं नुसती काजं आन बटनं. सुई माज्या हातात आन पगार मामाच्या हातात, त्यामुळं पैसा कसा धरायचा हे मला कुणी शिकवलंच न्हाई. लगीन झाल्यावर पहिल्या महिन्याची कमाई मी आठ दिसांत उडवली, बायकोला हिरव्या बांगड्या, मला फेटा, दोघांनी मिळून जिलबी, आन मग बावीस दिस नुसती भाकरी-चटणी. जैबून तिचं नाव, मी जैबू म्हणायचो. ती हसायची. भाकरी मोडायची आन म्हणायची, फेटा बांधून बसा की, चटणी गोड लागंल. लई हसायची ती. असू दे, तिचं मागनं सांगतो.

मग महाराजांनी पोरांच्या शिक्षणासाठी बोर्डिंगं काढली, त्यातलं एक आमच्या गल्लीच्या तोंडाला आलं, तुमच्या शाळंतली पोरं राहत्यात तेच. खेड्यातली पोरं यायची, पंधरा-सोळा वर्सांची, मिसरूड फुटलेली, बापानं धोतराच्या सोग्याला महिन्याचे पैसे बांधून दिलेले. एवढा पैसा त्यांनी जन्मात बघितलेला नसायचा. आज कुस्त्या, उद्या पेढं, परवा कुणीतरी दोस्त म्हणून चिकटायचा. एक पोरगं माज्या दुकानाच्या पायरीवर बसून रडाय लागलं, म्हटलं काय झालं रं, तर म्हणतंय चाचा, आठ दिसांत सगळं सपलं, आता घराकडं कसं कळवू. मला माजाच फेटा आठवला.

मी काय शिकलेला माणूस न्हाई, मला उपदेश जमत न्हाई, मला शिवाय येतंय. दुकानात चिंध्या पडलेल्या, त्यातनं त्येला एक बटवा शिवला चार कप्प्यांचा. पहिला जेवणाचा, त्यो सगळ्यात मोठा. दुसरा दिव्याच्या तेलाचा आन कागद-शाईचा. तिसरा चैनीचा, दोन बोटं जातील एवढाच, पर पाहिजेच, जैबू म्हणायची त्यो न्हाई ठेवलासा तर पोरं बाकीच्या तिन्हीत हात घालतील. आन चवथा वाटंचा. त्यात गावाकडं जायचं भाडं घालायचं आन वरनं दुपदरी दोऱ्यानं शिवून टाकायचं. त्यो उसवायचा न्हाई. त्यो हाय तवर तुमी कुणाच्या दारात हात पसरणार न्हाई, असं मी पोरास्नी सांगायचो.

बघता बघता सगळ्या बोर्डिंगात बटवं झाले. दर शुक्रवारी नमाज झाली की पोरं माज्या कट्ट्यावर बसायची, कप्पं उलटं करून दाखवायची, कुठला पैसा कुठं गेला ते तोंडानं सांगायची. हसायचं कुणी न्हाई, ह्यो नेम. जैबू आतनं फुटाणं द्यायची. काय सांगू तुमाला, लई बरं दिस होते.

करीम माजा एकुलता एक. पंधराव्या वर्सी त्येला पुण्याला लष्कर भागात पाठवला, सायबाचे कोट शिवणाऱ्या एका मिस्त्रीकडं. जाताना लाल मखमलीचा बटवा दिला, वाटंच्या कप्प्यात बंदे तीन रुपये घातले आन माज्या हातानं शिवलं. म्हटलं, मी सांगितल्याबिगर ह्ये टाके उसवायचे न्हाईत, आन मालकाकडनं कवा उचल घ्यायची न्हाई. व्हय अब्बा म्हणाला. दोन वर्सांत पोरगं फकस्त ईदला आलं, ते बी साठवलेल्या पगारातनं, आन बटवा दाखवला तर टाके जसेच्या तसे. मी त्यो बटवा कट्ट्यावर पोरास्नी फिरवून दाखवला. माज्या लेकाचा कप्पा बघा म्हटलं. छाती अशी फुगली माजी, आन तितंच माती खाल्ली मास्तर.

तिसऱ्या वर्सी जैबूला ताप आला. आधी वाटलं उतरंल. पंधरा दिस झाले, काढा झाला, हकीम झाला. ती म्हणाली, अवो, करीमला बोलवा की, बघावंसं वाटतंय. म्हटलं बोलवू, ईद दीड महिन्यावर आली, येतोयच की. तिनं परत म्हटलं. मी बोर्डिंगातल्या एका पोराकडनं कार्ड लिवून घेतलं, आम्मीला जरा कणकण हाय, काळजी करू नगंस, खर्च करून येऊ नगंस. असं लिवलं मी. पैशासाठी न्हाई, खोटं कशाला बोलू, कट्ट्यावर फुशारकी मारली व्हती त्यासाठी. टाके उसवले तर पोरं काय म्हणतील, ह्यो इचार माज्या डोक्यात. बायको हातरुणाला खिळलेली आन मी टाके मोजतोय.

ती ईदीपातुर थांबली न्हाई. तार केली, पर आमच्यात मयत ठेवत न्हाईत, पोरगं आलं ते तिसऱ्या दिशी, जियारतीला. दारात उभं राहिलं. खिशातनं बटवा काढून माज्या पायाजवळ ठेवला आन म्हणालं, उचल घेऊन आलोय अब्बा, तुमचा कप्पा तुमी सांगितल्याबिगर उसवला न्हाई. तिसऱ्या दिसाची फातिहा झाली आन उठून गेलं. चहा बी घेतला न्हाई.

त्येला सहा वर्सं झाली. दर महिन्याच्या पाच तारखंला त्येची मनिआर्डर येते, एक दिस पुढं न्हाई, एक दिस मागं न्हाई. कुपनावर एक अक्षर न्हाई. मी शिकवलेलं सगळं त्येनं बरोबर शिकून घेतलंय. मी अंगठा देतो, पैसे डब्यात ठेवतो. घरात मशीनचा आवाज थांबला की दुसरा कसला आवाज न्हाई. दोन माणसांच्या भाकरी थापतो कवा कवा, सवयीनं, आन दुसरी गाईला घालतो. लाल बटवा मशीनच्या वर खुंटीला हाय, वरनं हात फिरवला की रुपये लागत्यात. टाके मी बी उसवले न्हाईत.

यंदा चंदगडाकडनं धोंडू म्हणून पोरगं आलंय, तुमच्याच वर्गात. त्येचा बटवा शिवला तवा त्येनं इचारलं, चाचा, ह्यो कवा उसवायचा. म्हटलं मला इचारू नगंस. तुला जावंसं वाटलं की उसव. दोन शुक्रवार पोरगं दिसलं न्हाई. तिसऱ्या शुक्रवारी आलं आन उघडा कप्पा घेऊन मान खाली घालून बसलं. म्हटलं, आई बरी हाय न्हवं? तर म्हणतंय, बरी हाय चाचा, तिला काय झालं न्हवतं, नुसती आठवण आलती. पोरं हसाय लागली. शुक्रवारचा नेम मोडला. आता चाचा बोलणार म्हणून सगळी माज्या तोंडाकडं बघत व्हती.

मी उठलो, खुंटीवरचा लाल बटवा काढला आन कात्री लावली. सहा वर्सांचा दोरा, पर पक्का, माज्याच हातचा. तीनातला एक रुपाया धोंडूच्या वाटंच्या कप्प्यात घातला आन कच्चा टाका मारला, बोटानं तुटंल असा. आता सगळ्यांच्या बटव्याला कच्चाच टाका मारतो.

मग धोंडूकडनंच पुण्याला कार्ड लिवून घेतलं. टाके मीच उसवले बेटा, माजं चुकलं, ये. एवढंच. दुसरं काय लिवणार.

ते जाऊन आठ दिस झाले मास्तर. परवा पाच तारीख. सहा वर्सं मी त्या पोस्टमनची वाट बघत आलो, पैसे आले म्हंजे पोरगं सुखरूप हाय एवढं तरी कळायचं. अल्ला तुमच्या पोरांस्नी सलामत ठेवो, तुमी बी माज्यासाठी एक दुवा मागा. ह्या महिन्यात मनिआर्डर येऊ नये. पैसे तिकिटाला गेलेले असू देत.