कव्हरवरचा झांजवाला

संताप येणार नाही तर काय? जुन्या कॅसेटींवरची भीमगीतं मी कॉम्प्युटरवर घेतली, प्रत्येक गाण्याला कॅसेटचं कव्हर जोडलं. कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला, तर दौंडच्या दुकानदारानं डिस्कवर जागा करायला सगळी कव्हरं उडवली.

"गाणी हायेत ना, सर? फोटो काय ऐकायचेत?"

बातमीदार माणूस, दुसरी प्रत ठेवल्याशिवाय मी काही कुणाच्या हातात देत नाही. कव्हरांचे फोटो ठेवलेला पेनड्राइव्ह लावून, दुकानाच्या पाटीवरचं आडनाव वादकांत असलेलं एक कव्हर उघडलं.

"गायकामागं झांज घेऊन कोण उभंय?" मी विचारलं.

तो वाकून बघत राहिला. "आमचे आबा. घरी त्यांचा एकबी फोटो न्हाई. एवढा द्या की, सर."

"देतो. आधी सगळी कव्हरं ज्या त्या गाण्याला परत जोडा."

त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला बसला.